खान्देशात फौजदारी बचावाची वकिली सुरू करताना

सनद मिळाली, कोट शिवून झाला, आणि आता फौजदारीच करायची असं ठरवून जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कोर्टाच्या आवारात फिरणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय. खेड्यातली म्हातारी माणसं मोठ्या वकिलाला अजून बॅरिस्टर म्हणतात. विलायतेतली ती वेगळी जमात. आपल्याकडे १९६१ च्या अधिवक्ता कायद्यानं सगळेच ‘अधिवक्ता’ झाले. पण धुळ्याच्या कोर्टानं खरा बॅरिस्टर पाहिलाय. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर एका खटल्यासाठी धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. आजही ३१ जुलैला तिथं माणसांची रीघ लागते.

बचावाच्या कामाबद्दल माझं एकच म्हणणं आहे. खटला कोर्टात बोलून फारसा लढला जात नाही. तो कागद आणि जागा एकमेकांशी ताडून लढला जातो. खालचं सगळं त्या हिशेबानं वाचा.

आधी सिनियर बघा

‘सिनियर अ‍ॅडव्होकेट’ हा उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयानं दिलेला दर्जा. तो मिळालेल्या वकिलाला पक्षकाराकडून थेट वकीलपत्र घेता येत नाही. जिल्ह्यात आपण सिनियर म्हणतो ते ज्यांच्या ऑफिसात बसून आपण काम शिकतो त्यांना. त्यांची निवड नावावरून करू नका. दोन-तीन आठवडे सेशन कोर्टाच्या मागच्या बाकावर बसा आणि उलटतपास ऐका. कुणाच्या हातात स्वतःच्या अक्षरातली टिपणं आहेत? कोण दहा प्रश्नांत खाली बसतो? साक्षीदारावर ओरडणारा वकील पक्षकाराला फार आवडतो, पण त्याच्याकडून शिकण्यासारखं थोडं असतं.

पैशांचं आधीच स्पष्ट बोला. सुरुवातीला पेट्रोलपाण्यापुरतं मिळतं, कधी तेवढंही नाही. घरची परिस्थिती बेताची असेल तर आरोपींना मोफत वकील देणाऱ्या, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयाकडे लक्ष ठेवा. तिथं सहायक म्हणून अगदी नव्या वकिलांनाही घेतात, ठरावीक मानधन मिळतं आणि पहिल्या दिवसापासून हातात खऱ्या आरोपींची कागदपत्रं येतात. जन्मठेप किंवा फाशीच्या खटल्यात मोफत वकील नेमताना किमान दहा वर्षांचा अनुभव असलेल्यांचाच विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये अनोखीलालच्या प्रकरणात सांगितलंय. त्यामुळे अशा खटल्यांत तुम्ही मदतनीसच असाल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, शिकायला तीच जागा चांगली.

दोन्ही कायदे जवळ ठेवा

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. जुनी पुस्तकं मात्र रद्दीत घालू नका. त्या तारखेआधीच्या गुन्ह्याला दंड संहिताच लागते, आणि तेव्हा चालू असलेले खटले जुन्या फौजदारी प्रक्रियेनंच पुढं जातात. सेशन बोर्डावर बराच काळ खुनाची दोन कलमं, जुनं ३०२ आणि नवं १०३, शेजारीशेजारी दिसणार. अर्ज लिहिण्यापूर्वी गुन्ह्याची तारीख बघण्याची सवय लावून घ्या. चुकीच्या कलमाखाली दिलेला जामीन अर्ज फेटाळला जात नाही, पण सगळ्या कोर्टासमोर हसं होतं.

पहिला दिवस : रिमांड

फोन बहुतेक रात्रीच येतो. ‘भाऊले पोलिसांनी उचली नेलं.’ पहिल्यांदा विचारायचं ते कुठल्या पोलीस स्टेशननं नेलं आणि किती वाजता. अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर हजर करावंच लागतं. धडगावच्या डोंगरातून आणलेल्या माणसाच्या बाबतीत हा प्रवासाचा वेळ वाद घालण्याजोगा असतो, म्हणून घरच्यांना विचारून नेल्याची वेळ लगेच लिहून घ्या. दोन दिवसांनी त्यांना ती आठवणार नाही.

एफआयआरची प्रत पोलिसांच्या वेबसाइटवर मिळते. संवेदनशील गुन्ह्यांच्या मात्र टाकत नाहीत. कोर्टात रिमांड रिपोर्ट, म्हणजे आरोपीची कोठडी मागणारा पोलिसांचा कागद, हाती येईल तेव्हा त्यात चार गोष्टी शोधा: अटकेची वेळ, नातेवाइकाला कळवल्याची नोंद, वैद्यकीय तपासणी आणि अटकेची लेखी कारणं. ही कारणं आरोपीला समजेल अशा भाषेत आणि रिमांडच्या निदान दोन तास आधी त्याच्या हाती पडली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं. अक्कलकुव्याच्या पावरा आदिवासी माणसाला सरकारी मराठीत टाइप केलेला कागद दिला म्हणजे त्याला कारणं समजली असं होत नाही. हा मुद्दा नम्रपणे, पण मांडाच.

शिक्षा सात वर्षांपर्यंतची असेल तर अटकेऐवजी नोटीस का दिली नाही, हे विचारा. अर्नेश कुमारचा २०१४ चा निकाल यासाठीच आहे. आरोपीला मारहाण झाली का, हे पोलिसांसमोर विचारू नका. त्याच्याजवळ जाऊन हळू विचारा, आणि हो म्हणाला तर मॅजिस्ट्रेट साहेबांसमोर त्यालाच बोलू द्या. पीसीआर (पोलीस कोठडी) किती मागितला आणि कशासाठी, हेही वाचा. ‘गुन्ह्यातील हत्यार हस्तगत करणे बाकी’ असं लिहिलेलं असतं, आणि त्याच रिपोर्टच्या वरच्या परिच्छेदात कुऱ्हाड जप्त झालेली असते.

दिवस मोजा

हे काम ज्युनियरचंच, आणि सगळ्यात जास्त चुका इथंच होतात. मुदतीत चार्जशीट आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यांत ६०. मोजायला सुरुवात पहिल्या रिमांडच्या दिवसापासून करायची, अटकेपासून नाही, आणि तो रिमांडचा दिवस धरायचा. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हा घोळ मिटवलाय.

समजा पहिला रिमांड ३ मार्चला झाला. मार्चचे २९ दिवस, एप्रिलचे ३०, म्हणजे ५९. साठावा दिवस १ मे. तेव्हा २ मेला कोर्ट उघडायच्या आधी तुमचा अर्ज तयार, जामीनदार उभा आणि त्याचा सातबारा खिशात हवा. हा हक्क मागितल्याशिवाय मिळत नाही. तुम्ही अकरा वाजता अर्ज दिला आणि चार्जशीट बारा वाजता आलं, तर हक्क तुमचा. चार्जशीट आधी आलं तर संपलं. म्हणून अर्जावर तारखेसोबत वेळही टाकून घ्या, कारकून कुरकुरला तरी चालेल. ऑफिसातल्या कॅलेंडरवर प्रत्येक आतल्या आरोपीचे ६० आणि ९० असे दोन्ही दिवस पहिल्याच दिवशी लाल पेनानं लिहून टाका.

चार्जशीट वाचणं

चार्जशीट हाती आलं की बहुतेकजण एफआयआर वाचतात, मग साक्षीदारांचे जबाब चाळतात आणि थांबतात. उलटं करा. आधी सगळे कागद तारीख आणि वेळेनुसार लावा: स्टेशन डायरीतली नोंद, दवाखान्यातली एमएलसी (जखमीची पोलिसांसाठी केलेली नोंद), एफआयआरची वेळ, घटनास्थळ पंचनामा, अटक, जप्ती, जबाब, मुद्देमाल रासायनिक तपासणीला पाठवल्याचं पत्र. एका पानावर तक्ता करा. खटल्यातली भोकं या तक्त्यातच दिसतात. जखमी माणूस रात्री नऊला सिव्हिलमध्ये दाखल झाला, डॉक्टरांच्या नोंदीत ‘अज्ञात इसमांकडून मारहाण’, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या एफआयआरमध्ये सात नावं. ती सात नावं मधल्या वेळात कुठून आली, यावर सगळा खटला उभा राहू शकतो.

जप्तीच्या कागदांत सील बघा. पंचनाम्यात लाखेचं सील लिहिलंय का, मालखान्याच्या (जप्त माल ठेवायच्या खोलीच्या) रजिस्टरला नोंद कधीची, रासायनिक तपासणीच्या सीए रिपोर्टमध्ये ‘सील सुस्थितीत’ असं आहे का. निवेदन पंचनाम्यात, म्हणजे वस्तू काढून देतो असं आरोपी पंचांसमोर म्हणतो त्या कागदात, पोलीस अख्खी कबुली लिहून ठेवतात, पण त्यातलं वापरता येतं ते फक्त ‘कुऱ्हाड लपवली आहे, ती काढून देतो’ एवढंच. पोलिसांसमोरची बाकी कबुली पुराव्यात येत नाही. ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील कोर्ट असलेल्या प्रिव्ही कौन्सिलच्या पुलुकुरी कोट्टया निकालापासून हे ठरलेलं आहे, तरी ती वाचली जाऊ लागली की उठून हरकत घ्यावीच लागते.

सीसीटीव्ही किंवा मोबाइलचे रेकॉर्ड असतील तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मागा. आता त्याचे दोन भाग असतात, दुसरा तज्ज्ञाचा. प्रमाणपत्राची ही अट बंधनकारक आहे, हे २०२० मध्ये ज्या खटल्यात नक्की झालं तो खोतकर-गोरंट्याल खटला जालन्याचा, म्हणजे आपल्या शेजारचाच.

डिस्चार्जचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून सोडा असा अर्ज पक्षकाराला फार आवडतो. कमिटल झाल्यावर, म्हणजे खटला मॅजिस्ट्रेटकडून सेशनला गेल्यावर, ६० दिवसांत देता येतो. पण त्यात बचावाचे सगळे पत्ते आधीच उघडे पडतात, म्हणून मुद्दा अगदी कायद्याचा असल्याशिवाय मी त्याच्या वाटेला जात नाही.

जागेवर जा

हा भाग सोडून बाकी सगळं पुस्तकातून शिकता येईल.

आपल्याकडचे निम्मे मारामारीचे गुन्हे शेताच्या बांधावरून, विहिरीवरून किंवा पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून होतात. रावेर-यावलकडचा असा एखादा खटला घ्या. साक्षीदार म्हणतो, मी माझ्या बागेत होतो, पन्नास फुटांवरून पाहिलं. कागदावर पन्नास फूट काहीच नाही. पण बाग केळीची असेल तर आत जाऊन उभे राहा. पाच-सहा फुटांवर झाडं, डोक्याच्या वर पानांचं छत, कडेनं वारा अडवायला लावलेली शेवरीची झाडं. दहा फुटांवरचा माणूस ओळखू येत नाही. हे ऑफिसात बसून कळत नाही.

खटला उभा राहीपर्यंत दोन-तीन वर्षं गेलेली असतात आणि त्या शेतात आता हरभरा असतो. म्हणून त्या सालचा सातबारा काढा. गाव नमुना बारामध्ये पीकपेरा असतो: त्या हंगामात शेतात काय उभं होतं, कापूस, केळी की पडीक. साक्षीदाराच्याच शेताचा हा सरकारी उतारा तुमचा सगळ्यात शांत साक्षीदार.

रात्रीची घटना असेल तर उजेड कुठून आला ते शोधा. पंचांगात तिथी आणि चंद्रोदय बघा. खान्देशात शेतीची वीज पुष्कळदा रात्रीच्या पाळीला येते. त्या आठवड्यात त्या फीडरवर वीज कधी होती, याची माहिती महावितरणकडून माहितीच्या अधिकारात मागा. घटनास्थळ पंचनाम्यात खांब दाखवलाय पण त्यावर दिवा आहे का, हे लिहिलेलं नसतं. नकाशा स्वतः काढा, पावलांनी अंतर मोजा, कुठून काय दिसतं ते लिहा. फोटो काढा, पण कोर्टात हा नकाशा घेऊन तुम्ही साक्षीदार व्हायचं नाही. तो फक्त तुमच्या प्रश्नांसाठी.

बांधावरच्या भांडणात समोरच्यांनीही आपल्या माणसांना मारलेलं असतं आणि दोन उलटसुलट गुन्हे दाखल होतात. या क्रॉस केसेस एकाच न्यायाधीशांसमोर, एकापाठोपाठ चालाव्यात असा नथीलालच्या १९९० च्या निकालापासूनचा दंडक आहे. एक खटला मॅजिस्ट्रेटकडे (जेएमएफसी) आणि दुसरा सेशनला राहू देऊ नका. सुरुवातीलाच अर्ज द्या. आपल्या आरोपीच्या जखमांचं प्रमाणपत्र सिव्हिलमधून काढून ठेवा. फिर्यादी पक्ष त्या जखमांबद्दल गप्प बसला तर त्याच्या गोष्टीचा अर्धा भाग लपवलाय असं तुम्ही म्हणू शकता.

उलटतपास

आता थोडं बोलायचं. केळीच्या बागेच्या साक्षीदाराला असं विचारा:

‘त्या साली तुमच्या शेतात केळी होती?’ ‘हो.’
‘बाग नऊ-दहा महिन्यांची होती?’ ‘हो, असेल.’
‘झाडं माणसापेक्षा उंच होती?’ ‘होती.’
‘तुमच्या बागेच्या कडेला शेवरी आहे?’ ‘आहे.’

इथं थांबा. ‘मग तुम्हाला दिसलं कसं?’ हा प्रश्न जिभेवर येईल, तो गिळा. तो विचारलात की साक्षीदार म्हणेल, मी बांधावर चढलो होतो. बाकीचं तुमच्या युक्तिवादासाठी ठेवा.

साक्षीदार कोर्टात असं काही सांगतो जे पोलीस जबाबात नाही. ही वगळ. किंवा जबाबातल्यापेक्षा वेगळं सांगतो. ही विसंगती. विसंगती असेल तर जबाबातलं तेवढं वाक्य त्याला दाखवून वाचायचं, त्यावर पोर्शन मार्क ‘ए’ टाकून घ्यायचा. वगळ असेल तर विचारायचं, हे पोलिसांना सांगितलं होतं का? ठरलेलं उत्तर येतं: ‘सांगितले होते, पोलिसांनी जबाबात का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’ बहुतेक ज्युनियर इथं खूश होऊन बसतात. काम अर्धंच झालंय. शेवटी तपास अधिकारी साक्षीला येईल तेव्हा त्याला त्याच वाक्यांवर विचारावं लागतं: हा मजकूर साक्षीदारानं सांगितला होता का? पोर्शन मार्क ‘ए’ त्यानं सांगितल्याप्रमाणेच लिहिला का? हे राहिलं तर विसंगती सिद्ध होत नाही आणि दोन वर्षांपूर्वीचा सगळा उलटतपास वाया. प्रत्येक साक्षीदारानंतर अधिकाऱ्याला विचारायच्या वाक्यांची यादी फाइलच्या शेवटच्या पानावर वाढवत जा.

साक्ष टाइप होत असताना स्क्रीनकडे लक्ष ठेवा. अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत सांगितलेलं प्रमाण मराठीत उतरताना धार बदलते. साक्षीदार भिल्ली किंवा पावरी बोलत असेल तर दुभाषा मागा. गावातला ‘मी सांगतो ना साहेब’ म्हणणारा माणूस दुभाषा म्हणून स्वीकारू नका, तो फिर्यादीचा पाव्हणा निघतो.

पक्षकार, तारखा आणि फी

नंदुरबारकडचे बरेच पक्षकार दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. जानेवारीची तारीख लागली की माणूस गैरहजर, आणि वॉरंट. तारीख पडतानाच हे कोर्टाला सांगा, हजेरी माफीचा अर्ज तयार ठेवा, आणि पक्षकाराचा तसाच मुकादमाचाही फोन नंबर वहीत असू द्या. वॉरंट निघालंच तर पकडून आणायची वाट न बघता त्याला घेऊन स्वतः हजर व्हा.

फी कापूस विकल्यावर येते, हे धरून चला. निकालावर अवलंबून फी घेणं नियमात बसत नाही, आणि साक्षीदार ‘बघून घेण्याच्या’ गोष्टी ऑफिसात होऊच देऊ नका. साक्षीदार फितूर होतात, गावात पंच बसून मिटवतातही. त्या बैठकीत वकील नसतो.

कधी गावाचा किंवा बारमधल्यांचा दबाव येईल, या आरोपीचं वकीलपत्र घेऊ नका म्हणून. गुन्ह्याबद्दल स्वतःचं मत काहीही असो, बचाव करणं कर्तव्य आहे असं बार कौन्सिलचे नियमच सांगतात. आणि असे बहिष्काराचे ठराव बेकायदा आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये मोहम्मद रफीच्या प्रकरणात लिहून ठेवलंय. आरोपीनं तुम्हाला एकट्यात जे सांगितलं ते तुमच्यापाशीच राहतं, घरच्यांनाही सांगायचं नाही. घरचेच पहिले विचारतात.

निकालाचा दिवस

निकाल काहीही लागो, जामीनदार आणि त्याची कागदपत्रं कोर्टात हवीत. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल तर अपिलासाठी ती स्थगित करायचा अर्ज त्याच कोर्टात, त्याच वेळी द्यायचा असतो. तो घरूनच टाइप करून न्या. सेशनची शिक्षा असेल तर अपील छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात, मुदत ६० दिवस. मॅजिस्ट्रेटची असेल तर सेशनला, ३० दिवस. शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत मोफत मिळते, ती तिथंच मागून घ्या, म्हणजे तुरुंगात जातानाही त्याच्या घरच्यांच्या हातात कागद असतो.

सुटका झाली तरी लगेच निघू नका. वरच्या कोर्टात बोलावलं तर हजर राहू, असा सहा महिन्यांचा बाँड द्यावा लागतो, आणि सुटलेला माणूस गुलाल लावून गेटबाहेर गेलेला असेल तर त्याला परत शोधून आणायचं काम तुमच्याच गळ्यात पडतं. मुद्देमालात त्याची मोटारसायकल किंवा मोबाइल असेल तर परत मिळण्याचा हुकूम निकालात आलाय का ते वाचा. नक्कलचा अर्ज त्याच दिवशी टाका आणि दोन प्रती मागा. एक तुमच्या फाइलला. दुसरी त्याला द्या आणि जपून ठेवायला सांगा, कारण पोरगा पोलीस भरतीला उतरला किंवा पासपोर्ट काढायला गेला की चारित्र्य पडताळणीत हा गुन्हा वर येतो आणि तेव्हा तो तुमच्याच दारात उभा राहतो.